साडेनऊ सेकंदांचा मैल

मुंबई ते सोलापूर हे रेल्वेचं अंतर ४५५ किलोमीटर. २०२३ साली या मार्गावर वंदे भारत सुरू झाली आणि सोलापूरकरांचा प्रवास साडेसहा तासांच्या आसपास आला, तेव्हा आमच्या सीमाभागातही त्याचं मोठं कौतुक झालं. २५ सप्टेंबर २०१० रोजी अमेरिकेतल्या युटा राज्यात रॉकी रॉबिन्सन या स्वाराने दोन चाकांवर जो वेग गाठला, तो अखंड टिकला असता तर मुंबईहून निघून तो पाऊण तासात सोलापुरात असता. तिथून पुढे कलबुर्गी अकरा मिनिटांवर.

तो वेग होता ताशी ६०५.६९७ किलोमीटर, म्हणजे ३७६.३६३ मैल. गाडीचं नाव टॉप वन ॲक अटॅक. तिच्या पोटात सुझुकी हायाबुसाची दोन इंजिनं एकामागे एक बसवलेली, दोन्ही मिळून सुमारे २६०० सीसी, वर टर्बो, आणि ताकद नऊशे हॉर्सपॉवरच्या पलीकडे. ही धाव डांबरी रस्त्यावर झाली नाही की सिमेंटच्या ट्रॅकवरही नाही. ती झाली मिठावर.

आमचं निंबर्गा हे कलबुर्गी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यातलं होबळीचं, म्हणजे महसुली मंडळाचं गाव. इथून कुठल्याही दिशेला निघा, दोन्ही बाजूंना काळं रान आणि तुरीची शेतं. जमीन सपाट वाटते, रस्ता सरळ वाटतो, आणि गावातली तरुण पोरं बुलेट किंवा पल्सर घेऊन निघाली की त्या सरळपणाच्या मोहात पडतात. वेगाची ओढ मला समजते, आणि म्हणूनच मिठावरच्या या शर्यतीचे आकडे इथल्या अंतरांवर ठेवून पाहावेसे वाटतात. ताशी सहाशे किलोमीटर हा आकडा नुसता वाचला तर डोक्यावरून जातो. कलबुर्गीच्या किल्ल्यातली जामी मशीद १३६७ साली बांधलेली. तिची पूर्व-पश्चिम लांबी २१६ फूट आहे. रॉबिन्सनची गाडी एका सेकंदात १६८ मीटर जात होती, म्हणजे त्या मशिदीच्या लांबीच्या अडीचपट. पापणी लवायला पाव सेकंद धरला तर तेवढ्यात ४२ मीटर मागे गेले. मोजणीचा एक मैल तिने साडेनऊ सेकंदांत ओलांडला. लोणारच्या विवराचा व्यास साधारण १.८ किलोमीटर आहे. या काठापासून त्या काठापर्यंतच्या अंतराला तिला अकरा सेकंद पुरले असते. ध्वनीच्या वेगाच्या निम्म्याजवळ पोहोचलेली ही गाडी दोन चाकांवर तोलून धरलेली होती, आणि आत एक माणूस पाठीवर रेलून बसलेला होता.

विक्रम म्हणून असा वेग नोंदवायचा तर एकदा सुसाट जाऊन भागत नाही. आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघाचा नियम असा, की एका दिशेने धाव घ्यायची, गाडी वळवायची, आणि दोन तासांच्या आत उलट दिशेनेही तोच टप्पा पार करायचा. दोन्हींची सरासरी विक्रम म्हणून धरतात. पाठीवरचा वारा एकदा मदतीला आला तर परतताना तोच छातीवर येतो. जमिनीला बारीकसा उतार असला तर परतताना त्याचा चढ होतो. या दोन तासांत टायर तपासायचे, इंजिन थंड करायचं, इंधन भरायचं, पॅराशूटची घडी घालायची. कित्येकांचा विक्रम पहिली धाव उत्तम होऊनही दुसरीत हुकलेला आहे.

आता हा वेग उंचीत मोजू. हवेचा अडथळा नाही असं धरून एखादी वस्तू वरून सोडली, तर सेकंदाला १६८ मीटरचा वेग यायला ती सुमारे १४४० मीटर खाली यावी लागते. तोरण्याचा माथा समुद्रसपाटीपासून १४०३ मीटर आहे. तोरण्याच्या माथ्यावरून थेट कोकणच्या समुद्राच्या पातळीपर्यंत सरळ पडलेल्या दगडाच्या अंगात जी ऊर्जा येईल, त्याहून थोडी जास्तच ऊर्जा या गाडीच्या प्रत्येक किलोत आडवी साठवलेली होती. थांबताना ती सगळी कुठेतरी खर्ची पडली पाहिजे. एकट्या ब्रेकच्या भरवशावर हे होत नाही, म्हणून मागे पॅराशूट उघडतात.

टायरचा हिशेब तर मला सगळ्यांत भीतिदायक वाटतो. चाकाचा व्यास साधारण ६० सेंटिमीटर धरू. या वेगाला ते सेकंदाला ८९ वेळा फिरतं, मिनिटाला पाच हजार तीनशेहून जास्त फेरे. आपल्या गाड्यांची इंजिनं ज्या गतीने फिरताना ओरडायला लागतात, त्या गतीने इथे चाकच फिरतंय. कडेच्या रबराला बाहेर फेकू पाहणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या साडेनऊ हजार पटींहून जास्त होतो. कडेचा एक ग्रॅम रबर साडेनऊ किलोचा होतो. टायरला चिकटलेला पाच ग्रॅम मिठाचा खडा अर्ध्या क्विंटलच्या जवळ जातो. म्हणून विक्रमी गाड्यांच्या टायरवर नक्षी जवळजवळ नसतेच. रबराचा थर जितका पातळ ठेवता येईल तितका ठेवतात, कारण जाड थर स्वतःच्याच वजनाने सुटून निघेल.

आणि तरी या सगळ्यापेक्षा मोठा शत्रू हवा आहे. गाडीला मागे लोटणारा हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याविरुद्ध लागणारी ताकद घनाने. वेग दुप्पट करायचा तर ताकद आठपट हवी, तिप्पट करायचा तर सत्तावीसपट. हे गणित गावातल्या गाडीवर मांडून पाहू. तमिळनाडूतल्या कारखान्यातून निघणाऱ्या रॉयल एनफिल्ड कॉन्टिनेंटल जीटी ६५० चं इंजिन ६४८ सीसीचं आणि ताकद ४७ हॉर्सपॉवर. ती ताशी १६५-१७० किलोमीटरपर्यंत जाते. २०१८ साली हीच गाडी शर्यतीसाठी तयार करून युटाच्या मिठावर नेली, आणि केला रिवास या अवघ्या अठरा वर्षांच्या मुलीने तिच्यावर ताशी १५७.०५३ मैलांची, म्हणजे जवळजवळ २५३ किलोमीटरची नोंद केली. वेग दीडपट झाला. गाडीचं अंग आहे तसं ठेवून हे साधायचं तर ताकद साडेतीनपटीच्या जवळ, एकशे साठ हॉर्सपॉवर लागली असती. म्हणजे दोनच वाटा: इंजिनातून जास्त काढा, नाही तर हवेला कमी अडवा. मिठावर येणारे लोक या दोन्ही वाटांवर वर्षानुवर्षं काम करतात. विक्रम झाला तेव्हा बातमी आकड्याची झाली; मला मात्र ती अठरा वर्षांची मुलगी आणि मद्रासी गाडी या जोडीचा फार अभिमान वाटला. १९५५ पासून मद्रासेत एनफिल्ड बनते आहे. आमच्याकडे तिचा आवाज ऐकून कोण आलं ते ओळखणारी माणसं आहेत.

पण मीठच का?

बॉनव्हिल हे युटातलं मैदान सुमारे तीस हजार एकरांचं आहे, साधारण १९ किलोमीटर लांब आणि ८ रुंद. अठरा हजार वर्षांपूर्वी तिथे बॉनव्हिल नावाचं गोड्या पाण्याचं अफाट सरोवर होतं. त्याचा पसारा ५१ हजार चौरस किलोमीटर होता, म्हणजे मराठवाड्याच्या पाऊण हिश्शाहून मोठा, आणि खोली तीनशे मीटरच्या वर. उत्तरेकडची एक खिंड फुटली, पाणी महापुरासारखं वाहून गेलं, हवामान कोरडं होत गेलं आणि उरलेलं पाणी आटत राहिलं. ग्रेट सॉल्ट लेक हा त्याचाच उरलेला तुकडा. आजही हिवाळ्यात त्या मैदानावर उथळ पाणी साचतं, वारा ते इकडून तिकडे लोटतो, उंचवटे विरघळतात, खळगे भरतात, आणि उन्हाळ्यात पाणी उडून गेलं की मीठ नव्याने घट्ट बसतं. दरवर्षी निसर्ग हे मैदान सारवलेल्या अंगणासारखं करून ठेवतो. खाली खारट ओल असते, त्यामुळे पृष्ठभाग थंड राहतो आणि टायर तापून फुटण्याची भीती कमी होते. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे १२८० मीटर, म्हणून हवाही काहीशी विरळ.

सपाट या शब्दाला इथे वेगळंच वजन आहे. सेकंदाला १६८ मीटर जाणारी गाडी एखाद्या उंचवट्यावरून गेली, तर त्या उंचवट्याची गोलाई पावणेतीन-तीन किलोमीटर त्रिज्येपेक्षा जास्त आखूड असताच चाकं जमीन सोडतील. स्प्रिंगची आणि हवेच्या दाबाची मदत बाजूला ठेवून मोजलं, तर दहा मीटर लांबीचा एक फुगवटा, ज्याचा मध्य टोकांपेक्षा केवळ साडेचार मिलिमीटर वर आहे, तेवढा पुरे. साडेचार मिलिमीटर! आमच्या रस्त्यावर एकेका ठिगळाचा डांबराचा थर त्याहून जाड असतो. चढ तर दूरच राहिला. शंभर मीटरला एक मीटर चढ असला, तर टनभर वजनाच्या गाडीला या वेगात तेवढ्यासाठीच बावीस हॉर्सपॉवर जास्त लागतील. खेड्यातल्या दोन मोटरसायकलींची ताकद, नुसता तो न दिसणारा चढ चढायला.

मैदान इतकं लांब आणि सपाट असलं की पृथ्वीचा गोलपणा हिशेबात येतो. १९ किलोमीटर लांबीच्या एका टोकाला जमिनीला समांतर अगदी सरळ दोरी ताणली, तर दुसऱ्या टोकाला ती मिठाच्या सुमारे २८ मीटर वर असेल, नऊ मजली इमारतीएवढी. रेललेल्या स्वाराचे डोळे जमिनीपासून मीटरभर वर धरले, तर त्याला क्षितिज ३.६ किलोमीटरवर दिसतं. पूर्ण वेगात ते क्षितिज एकवीस सेकंदांवर आहे. आपण ताशी साठने तुरीच्या रानातून जाताना क्षितिज साडेतीन मिनिटांहून दूर असतं, आणि आपल्याला ते कधी गाठायचं आहे असं वाटतही नाही.

एक आकडा मात्र उलट्या बाजूने चकित करतो. ताशी सहाशेचा वेग घ्यायला किती जोर लावावा लागेल? समजा सुरुवातीला आठ किलोमीटर मोकळे आहेत आणि गाडी सारख्या दराने वेग वाढवत गेली, तर तिला पूर्ण वेगाला पोहोचायला दीड मिनिटाहून थोडं जास्त, ९५ सेकंद लागतात. या दराने शून्यापासून साठपर्यंत जायला नऊ सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागेल. बाजारात मिळणारी साधी स्कूटरही जवळपास एवढ्यातच साठ गाठते. म्हणजे जगातल्या सर्वांत वेगवान मोटरसायकलची सरासरी उसळी स्कूटरएवढीच! मीठ निसरडं असतं. जास्त जोर दिला तर चाक जागच्या जागी फिरतं, गाडी पुढे सरकत नाही. म्हणून स्वाराला धीर धरावा लागतो. वेग अधाशीपणाने मिळत नाही, तो लांबीतून मिळतो. आठ किलोमीटर वेग घ्यायला, दीड किलोमीटर मोजायला, चार किलोमीटर थांबायला. निंबर्ग्याहून आळंदकडे, अफझलपूरकडे किंवा गाणगापूरकडे निघा, तेरा-चौदा किलोमीटर एकही वळण, पूल, गाव, जनावर नसलेला रस्ता सापडणार नाही. या पृथ्वीवर तशा जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. ज्या गोष्टीची खरी टंचाई आहे ती इंजिनं नव्हेत, जमीन आहे.

बोलिव्हियातलं सालार दे उयुनी हे जगातलं सर्वांत मोठं मिठाचं मैदान १०,५८२ चौरस किलोमीटरचं आहे. यादगीर जिल्हा वेगळा झाल्यानंतर उरलेल्या कलबुर्गी जिल्ह्याचं क्षेत्रफळही जवळपास एवढंच, थोडंसं जास्त. आता कल्पना करा: आळंद, अफझलपूर, चिंचोळी, सेडम, चित्तापूर, जेवर्गी, सगळे तालुके धरून आख्ख्या जिल्ह्यात उंचसखलपणा जेमतेम एक मीटर. भीमेचं पात्र नाही, अमर्जा नदीचा काठ नाही, चिंचोळीचे डोंगर नाहीत. उयुनी तसं आहे. उपग्रहांची उंची मोजणारी यंत्रं बरोबर चालतात की नाही हे तपासायला शास्त्रज्ञ त्याचा वापर करतात. तिथली उंची ३,६५६ मीटर, हवा समुद्रकाठापेक्षा तीस टक्के विरळ. अडथळा तीस टक्क्यांनी कमी होतो, पण इंजिनालाही श्वास तेवढाच कमी मिळतो; टर्बो असेल तर ती उणीव भरून निघते. ऑस्ट्रेलियातलं लेक गेर्डनर १६० किलोमीटर लांब आहे आणि तिथे मार्च महिन्यात शर्यती होतात. भारतात कच्छचं मोठं रण सगळ्यांना माहीत आहे. पावसाळ्यात ते पाण्याखाली जातं आणि हिवाळ्यात पांढरं होतं. आपलं काळं रान याच्या अगदी विरुद्ध स्वभावाचं. ते पाणी पिऊन फुगतं आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडतं. तूर त्यावर अशी येते की कलबुर्गीच्या तुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. वेगाला मात्र ते रान कधीच साथ देणार नाही.

मिठावरच्या माणसांमध्ये मला सर्वांत जवळचा वाटतो बर्ट मन्रो. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला इन्व्हरकार्गिल गावात १८९९ साली जन्मलेला हा माणूस. १९२० सालची इंडियन स्काउट त्याने नवी घेतली, तेव्हा ती ताशी ५५ मैल जायची, म्हणजे ८८ किलोमीटर. पुढे चाळीसहून जास्त वर्षं तो तीच गाडी सुधारत राहिला. पिस्टन घरी ओतायचा, भाग हाताने घासायचा, मोडलेले पुन्हा करायचा. सहाशे सीसीचं इंजिन त्याने साडेनऊशेच्या जवळ नेलं. १९६७ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्याने बॉनव्हिलवर आपल्या वर्गाचा विक्रम केला. नोंद १८३.५८६ मैलांची झाली होती. २०१४ साली त्याच्या मुलाला हिशेबातली चूक सापडली आणि आकडा १८४.०८७ असा दुरुस्त झाला, म्हणजे ताशी २९६ किलोमीटर. मूळ वेगाच्या साडेतीनपटीजवळ. घनाचा नियम लावला तर त्याच उघड्या गाडीला सदतीसपट ताकद लागली असती. मन्रोने इंजिन वाढवलं आणि गाडीवर माशासारखं कवचही चढवलं. तो १९७८ साली वारला. १००० सीसीपर्यंतच्या त्या वर्गातली त्याची नोंद अनेक दशकं टिकली, आणि ती एका शेडमध्ये एका माणसाच्या हातून झाली होती, हे आकड्यांइतकंच मोठं आहे.

मन्रोच्या आधी १९४८ साली रोलंड फ्री याने व्हिन्सेंट गाडीवर ताशी १५० मैलांचा टप्पा ओलांडला. हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून त्याने अंगावरचे शर्यतीचे कपडे काढून ठेवले आणि पोहण्याच्या चड्डीत गाडीवर आडवा पालथा पडून तो गेला. त्याचं ते छायाचित्र मोटरसायकलच्या इतिहासात अजरामर झालं आहे. कपड्याच्या एका थराची किंमत घनाच्या नियमाने किती होते, हे त्याने अंगाने दाखवलं.

धोक्याची बाजू सांगितल्याशिवाय हे पुढे नेणं मला बरोबर वाटत नाही. मार्च २०१८ मध्ये लेक गेर्डनरवर व्हॅलेरी थॉम्पसन ताशी ३४३ मैलांच्या, म्हणजे साडेपाचशे किलोमीटरच्या वेगात असताना तिची गाडी उलटली आणि तुकडे होऊन विखुरली. ती वाचली, किरकोळ जखमा घेऊन बाहेर आली. सॅम व्हीलर मात्र २०१६ साली बॉनव्हिलवर चाचणीच्या धावेत पडला आणि वाचला नाही. त्याने आयुष्यातली कित्येक दशकं याच वेडाला दिली होती. मिठावर निदान आजूबाजूला कुणी नसतं. आमच्या रस्त्यावर ताशी शंभरने जाणारा मुलगा सेकंदाला २८ मीटर जातो, आणि पुढे बैलगाडी, ट्रॅक्टर, शाळेतून परतणारी पोरं आहेत. ब्रेकवर पाय जायच्या आतच ते २८ मीटर संपलेले असतात. मी हे गावात सांगत असतो.

मीठही संपत चाललं आहे. बॉनव्हिलवर १९४९ पासून ऑगस्टमध्ये स्पीड वीक हा वेगाच्या शर्यतींचा आठवडा भरतो. २०१४ साली पावसाने तो रद्द झाला, २०१५ साली मिठाचा थर पातळ आणि चिखलट झाल्याने पुन्हा रद्द झाला, २०२२ साली मैदानावर पाणी राहिल्याने परत तेच. शेजारी पोटॅशच्या खाणी खारं पाणी उपसतात. १९९७ पासून मीठ विरघळवून ते पाणी पुन्हा मैदानावर सोडण्याचे प्रयत्न चालू आहेत. तरी पूर्वी मिळायची तेवढी लांब पट्टी आता प्रत्येक वर्षी मिळत नाही.

या लांबीचा प्रश्न आता थेट पुढच्या आकड्याला भिडतो. २०१० नंतर दशक उलटून गेलं तरी ३७६ मैलांचा विक्रम कुणी ओलांडला नाही. सगळ्यांची नजर ४०० मैलांवर आहे, ताशी ६४४ किलोमीटर. विक्रमी सरासरीपेक्षा फक्त २४ मैल जास्त. घनाच्या नियमाने त्यासाठी ताकद वीस टक्के जास्त हवी, नऊशेच्या जागी जवळजवळ अकराशे हॉर्सपॉवर. ती आजच्या इंजिनांतून काढता येईल. टायरच्या कडेच्या त्या एका ग्रॅम रबराचं वजन दहा किलोच्या पुढे जाईल. तोही प्रश्न सुटेल. पण त्याच निसरड्या मिठावर, त्याच स्कूटरएवढ्या उसळीने, धावायला तेरा टक्के जास्त जमीन लागेल. आठ किलोमीटरच्या जागी नऊ.